निघाले, ओव्हर

शनिवार, १ फेब्रुवारी

हेमचंद्रकाकांनी आज पिकअपच्या टपावर लाल-निळा दिवा बसवला आणि मी तो जेवणाच्या आत उतरवायला लावला.

"अगं, चुंबकाचा आहे. हवा तेव्हा काढता येतो," काका म्हणाले.

"मग आत्ताही काढता येईल."

खाली कार पार्कमध्ये सहाव्या मजल्यावरच्या आँटी भाजी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबून म्हणाल्या, "मिस्टर हेम, यू पोलीस नाऊ, आह?" माझी चुलतबहीण जाई तोंडावर फाइल धरून लिफ्टकडे पळाली. "पापा, सो पाइसे, लाह." (पाइसे म्हणजे इथल्या सिंगापुरी बोलीत लाज वाटणं. काकूला अजून वाटतं की जाई पैशांबद्दल बोलते.)

खासगी गाडीला असले दिवे चालत नाहीत हे काकांना माहीत नाही असं नाही. पण उत्साह आला की त्यांना माहीत असलेल्या गोष्टी मागे पडतात.

उत्साहाचं कारण नीट लिहून ठेवते, कारण डोक्यात ठेवलं तर त्याची काळजीच होते. जुरोंगमधल्या आमच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या कर्मचाऱ्यांचं एक स्वयंसेवक अग्निशमन पथक आहे. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत पहिली धावपळ आमची. काकांचं पंखे दुरुस्तीचं दुकान फाटकाला लागूनच आहे आणि ते पथकात सुरुवातीपासून आहेत. मी मसाले पॅक करणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये. कंपनीला पथकात एक माणूस द्यायचा होता, आणि मीटिंगमध्ये मी सोडून सगळ्यांनी नाही म्हटलं.

आता काकांचा गुडघा गेला आहे. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, धावणं आणि शिड्या बंद. पथकप्रमुख रोहानी मॅडमनी एकच वाट ठेवली. पाइप, फोमचे डबे आणि एक्स्टिंग्विशर घेऊन वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर लगेच पोचेल असं वाहन पथकाकडे नाही. काकांनी आपली पिकअप त्यासाठी सजवायची, दिवा आणि वायरलेस नियमात बसवायचे, आणि मार्चच्या सरावात गाडी पास करून दाखवायची. पास झाली तर गाडीसोबत काकाही पथकात राहतील. नाही झाली तर, मॅडम म्हणाल्या, "वी गिव्ह यू वन व्हेरी नाइस केक."

काकांना निरोपाचा केक नको आहे. ते हसत सांगत होते, पण जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घातलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळभर पिकअपचं काम करणाऱ्या मॅडम लिमच्या गॅरेजमध्ये. वायरलेसचा माइक कुठे लावायचा यावर तासभर गेला.

काकांनी आणलेला पहिला वायरलेस मी परत करायला लावला होता, कारण त्याला परवाना लागला असता. काका म्हणाले, "त्याची रेंज पार मलेशियात, जोहोरपर्यंत होती गं." म्हटलं, जोहोरला आपलं कोण आहे. आता परवान्याशिवाय चालणारे साधे संच घेतलेत. एक गाडीत, एक काकांच्या दुकानात, दोन हातातले.

"तू ड्रायव्हरच्या सीटवर बस जरा," काका म्हणाले. "हात लांब कर. तो नाही, डावा."

मी डावखुरी आहे, त्यामुळे मला डावा सोपा. त्यांनी माझ्या हातापाशी खडूने खूण केली आणि माइकचा हुक तिथेच बसवला. दिव्याचं बटणही खाली, माझ्या हाताला लागेल असं. मी म्हटलं, "काका, तुमचे हात केवढे लांब. तुम्हाला हे फार जवळ होईल."

"गुडघ्यामुळे मी आता पुढे सरकून बसतो."

मॅडम लिम स्क्रू तोंडात धरून हसल्या. "युअर अंकल नी गॉट प्रॉब्लेम, सो आर्म बिकम शॉर्ट." मलाही ते पटलं नाही, पण गुडघेदुखीत माणूस कसा बसतो हे मला काय माहीत. सीटही त्यांनी बरीच पुढे ओढून घट्ट केली आहे. परत येताना त्यांनी मलाच चालवायला दिली. क्लच दाबताना दुखतं म्हणाले. गेले काही रविवार असंच चाललंय. मला पिकअप चालवायची भीती वाटते, पण दुखणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दिव्याबद्दल वाहतूक खात्याचं उत्तर आलं. वसाहतीच्या आत पिवळा दिवा चालेल. बाहेरच्या रस्त्यावर तो बंद आणि झाकलेला हवा. मी प्रिंट काढून गाडीत ठेवली. एक प्रत घरी, एक माझ्या पर्समध्ये.

"झाकायचा कशाने?" काकांनी विचारलं.

सुलेखाकाकूने दिव्याचं माप घेतलं आणि संध्याकाळी जाईच्या लहानपणच्या दुपट्याचं टोपडं शिवून दिलं. हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांसकट. पिवळी फुलं आहेत त्यावर. गाडीच्या टपावर ते इतकं गोंडस दिसतं की जाईने फोटो काढून वर्गातल्या सगळ्यांना पाठवला. पाइसे वगैरे काही नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज वायरलेसवर बोलायचा सराव. काका हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात.

बोलायची भीती मला का, हे काकांना ठाऊक आहे, कारण त्यात त्यांचाही हात आहे. बाबांच्या बदल्या सारख्या होत होत्या, म्हणून बाराव्या वर्षापर्यंत मी इथेच राहिले आणि माझी शाळा म्हणजे काकूचं डायनिंग टेबल. काकू भाषा आणि इतिहास शिकवायची, काका कामावरून आले की गणित. चांगलं शिकवलं. पण चार लोकांत बोलायचं कसं ते राहून गेलं, कारण वर्गात मी एकटीच होते. पहिल्यांदा खऱ्या शाळेत गेले तेव्हा हजेरीला "हो, आले" म्हणाले आणि वर्ग दिवसभर हसला.

"पिकअप, बेस बोलतोय. तुझी जागा सांग. ओव्हर."

"मी ओट्यापाशी आहे. ओव्हर."

"ऐकू आलं की आधी कॉपी म्हणायचं."

इथे मी अडकले. कॉपी हा शब्द माझ्या तोंडून निघेना. दहा वर्षांची असताना काकूने प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवून भाजी आणायला जाताना सांगितलं होतं, "कॉपी करायची नाही हं." मागे घरात फक्त मी आणि पुस्तकांचं कपाट होतं, तरी मी कपाटाकडे पाठ करून बसले होते.

"म्हण की," काका हॉलमधून ओरडले, वायरलेसशिवाय.

"कॉपी," मी म्हटलं.

काकूने पोळी लाटता लाटता वर पाहिलं. "आपल्या घरात?"

जाई टेबलाखाली लोळायची बाकी होती. शेवटी काका म्हणाले, रिसीव्ह्ड म्हण, तेही चालतं. ते मला जमतं.

शनिवार, ८ मार्च

गाडी नापास झाली. माझ्यामुळे.

जसं झालं तसं लिहिते. मागच्या इमारतीत आग लागली आहे असं धरायचं होतं. काकांनी गाडी मधल्या चौकापर्यंत आणली, टोपडं सोडलं, दिवा लावला. सगळे कौतुकाने बघत होते. मग काका हातातला संच घेऊन लंगडत मागे पाइपवाल्यांकडे गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडीत फोमचे डबे. मी माइकपाशी.

तेवढ्यात रोहानी मॅडमचा हुकूम आला, अग्निशमन दलाच्या गाडीला वाट दाखवायला पिकअप उत्तर फाटकावर न्या. मी गाडी सुरू केली, माइक उचलला, आणि काकांना कळवायचं म्हणून म्हणाले, "काका, मी येते हं."

मग फाटकावर गेले.

काकांनी ऐकलं, मी येते आहे. त्यांनी पाइपवाल्यांना थांबवलं. डबे हातांनी ओढत आणू नका, गाडी येतेच आहे. ते थांबले. मी फाटकावर दिवा लावून नसलेल्या बंबाला वाट दाखवत उभी. रोहानी मॅडमची शिट्टी वाजली तेव्हा कागदोपत्री इमारतीचे दोन मजले गेले होते.

"शी सेड व्हॉट?" मॅडमनी विचारलं.

काकांनी समजावलं. आमच्यात घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात.

"सो वेन यू गो, यू से कमिंग."

"यस."

"अँड वेन यू आर कमिंग?"

"ऑल्सो कमिंग."

नाथन म्हणून आमच्यात एक मिशीवाला तमिळ ड्रायव्हर आहे, तो म्हणाला, आमच्यातही असंच म्हणतात, मॅडम. मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही सगळे घराबाहेर पडता तरी कसे. सगळे हसले. मी पण हसले, कारण तोंड उघडंच राहिलं होतं.

पुन्हा सराव बावीस तारखेला. तो शेवटचा. तेव्हाही नाही जमलं तर केक.

रविवार, ९ मार्च

काकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटतं. मी सकाळी सांगितलं, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला माइकवर बसवा. नाथनला बसवा. तुमची जागा माझ्या जिभेमुळे जायला नको.

"नाथनच्या पोटाला स्टिअरिंग लागेल," काका म्हणाले.

"सीट मागे घ्या की."

"घट्ट बसलीय ती. सोड."

त्यांच्याकडे एवढे पाने आहेत आणि एक सीट मागे सरकत नाही. मी वाद घातला नाही.

जाई म्हणाली, "दीदी, यू ब्लर लाइक सोटॉन्ग." ब्लर म्हणजे गोंधळलेली, आणि सोटॉन्ग म्हणजे समुद्रातलं माकूल. माकूल गोंधळलेलं असतं की नाही माहीत नाही, पण तिने हे गाडीकडे बघत म्हटलं आणि काकांनी तिला डोळे वटारले. काहीतरी आहे दोघांचं.

मॅडमचा मेसेज आला होता, वायरलेसवर फक्त इंग्रजी, लीव्हिंग म्हणा. मी दुपारभर घोकलं. आय ॲम लीव्हिंग. ते म्हणताना दर वेळी राजीनामा दिल्यासारखं वाटत होतं. घाईत जीभ आपल्या जागी जाते, हे काल कळलंच. म्हणून मी म्हटलं, मराठीत सरळ जाते म्हणायची सवय करते.

काकूने हातातली वाटी खाली ठेवली. "आगीच्या गाडीत बसून जाते म्हणायचं नाही. मी ऐकून घेणार नाही."

"अगं, फक्त वायरलेसवर."

"वायरलेस असो नाहीतर काही असो."

काका वर्तमानपत्रामागून म्हणाले, "निघाले म्हण."

काकूने विचार केला. "निघाले चालेल. त्यात अभद्र काही नाही."

आणि निघाले म्हणजे निघालेच. येण्याशी त्याची गल्लत होत नाही. मी रोहानी मॅडमना लिहून विचारलं, नियमात बसेल का. त्यांचं उत्तर: "One word only means go? Sure? OK can."

शनिवार, २२ मार्च

सकाळी काकांचा गुडघा अचानक एवढा दुखायला लागला की त्यांना गाडीत चढताच येईना. काल संध्याकाळी ते खुर्चीवर चढून बल्ब बदलत होते. मी घाबरले. सराव पुढे ढकलू म्हणाले. काका म्हणाले, "मॅडमनी तारीख दिलीय. तू चालव. मी दुकानातून बेस सांभाळतो. मला बसून बोलायला काय होतंय."

मी एकटी गाडीत. टोपड्याची गाठ सोडली. काहीच शोधावं लागलं नाही. माइक हाताशी, बटण हाताशी, आरसेसुद्धा मला हवे तसे आधीच वळलेले. काका आणि माझी उंची एवढी वेगळी असून हे कसं जुळलं कोण जाणे. नशीब.

"बेस, पिकअप. निघाले, मागची इमारत. ओव्हर."

"कॉपी, पिकअप."

मी डबे पोचवले. मग, "निघाले, उत्तर फाटक." मग परत, "निघाले, चौक." दर वेळी काका दुकानातून पाइपवाल्यांना सांगायचे गाडी कुठून कुठे चालली आहे, कोणी थांबायचं, कोणी धावायचं. पथकातला प्रत्येक माणूस त्यांना आवाजावरून ओळखतो, आणि वसाहतीतलं प्रत्येक वळण त्यांच्या डोक्यात आहे. त्यांचा आवाज असा होता की जणू मी बारा वर्षांची आहे आणि ते टेबलापलीकडून त्रैराशिक सांगताहेत. माझी भीती गेली नाही, पण तिच्याकडे बघायला वेळ मिळाला नाही.

मॅडमनी शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "पास."

पुढे म्हणाल्या, हा शब्द चांगला आहे, वायरलेसवर खरखरीतही कळतो, सगळ्यांनी हाच वापरायचा. मी हात वर केला (लोकांत, स्वतःहून) आणि सांगितलं की हे बाईने म्हणायचं रूप आहे, पुरुषांनी निघालो म्हणायला हवं.

"वन वर्ड, मैत्रेयी. वन."

मग नाथन मिशीवर हात फिरवत माइकवर म्हणाला, "निघाले, टॉयलेट. ओव्हर." मी मनातल्या मनात "ते निघाले" असं आदरार्थी धरून घेतलं, म्हणजे व्याकरण सांभाळलं गेलं.

सोमवार, २४ मार्च

मॅडमनी काकांना कायमचं बेसवर नेमलं. गाडी माझ्याकडे.

मला हे पटत नाही. गाडी त्यांची, खटपट त्यांची, आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मी संध्याकाळी म्हटलं, "काका, मी मॅडमशी बोलू का? तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"फार वाईट वाटलं," काका म्हणाले आणि उठून आमरसाचा डबा फोडला. मार्चमध्ये. काकू त्यांच्याकडे बघून हसली आणि तिने माझ्या वाटीत जास्त वाढला.

काका दुःख फार लपवतात.

बुधवार, ९ एप्रिल

आज खरी आग.

जेवणाची सुट्टी होती. गोदाम सहाच्या मागे रद्दी पुठ्ठ्यांचा ढीग पेटला. भिंतीपलीकडे रंगाचे डबे. घंटा झाली तेव्हा माझ्या तोंडात दहीभात होता. मी धावले. टोपड्याची गाठ नेमकी बसलेली. काकू गाठी मारते त्या सुटण्यासाठी नसतात. दातांनी सोडली.

सीटवर बसले आणि न बघता डावा हात माइकवर गेला.

"बेस, पिकअप. निघाले, गोदाम सहा. ओव्हर."

उत्तर लगेच आलं नाही. काकांनी कॉपी म्हणायला हवं होतं. सरावात दर वेळी म्हणतात. वायरलेस खरखरला, आणि मग काकांचा आवाज आला. पण तो बेसवरचा नव्हता, घरातला होता.

"ये."

एवढंच. आपण चपला घालत येते म्हटलं की दारातून म्हणतात तसं.

मग लगेच बेसचा आवाज परत आला. वारा कुठला आहे, कुठल्या गल्लीने जा, नाथनला पाइप घेऊन उजवीकडे पाठवलाय. मी त्याच गल्लीने गेले. फोम पडला, पुठ्ठे काळे होऊन बसले, भिंत फक्त गरम झाली. बंब आला तेव्हा त्यांना पाणी मारून गार करण्याएवढंच काम उरलं होतं. त्यातला एक जण दिव्याच्या नाडीकडे बघून म्हणाला, हे काय. म्हटलं, टोपडं. तो "ओके" म्हणाला.

गाडी धुवायला नाथन घेऊन जाणार होता. आत बसायला गेला आणि त्याचे गुडघे थेट स्टिअरिंगला लागले. "हू सेट धिस सीट? धिस वन फॉर यू ओन्ली, मैत्रेयी." मी म्हटलं, नाही, काकांच्या गुडघ्यासाठी आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग पोट धरून हसला. काका कसे बसत होते कोण जाणे. एकदा विचारायला हवं.

संध्याकाळी रोहानी मॅडम फाटकाजवळच्या ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकत होत्या. प्रत्येक वाक्य नियमात आहे का ते तपासतात. मी शेजारी उभी होते. माझं निघाले आलं. ती रिकामी जागा आली. मग ते आलं. मॅडमनी थांबवून पुन्हा लावलं.

"धिस 'ये'. व्हॉट इज दॅट?"

खिडकीतून पलीकडे काका दिसत होते, दुकानात पंख्याचं पातं पुसत, आमच्याकडे मुद्दाम न बघत.

"कॉपी," मी म्हटलं.